कोणी केले, कोठून आले?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

एक शिक्षक, बी. ए., बी. एड.



या मेळाव्यात मला चार शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संस्थेचा मनापासून ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. वर्गात बोलण्याची सवय आहे खरी, परंतु तेथे तास संपला की घंटा वाजते. येथे घंटा नाही, तेव्हा मी लांबलो तर आपणच मला आवरावे. आपल्यापैकी बरेच पालक पहिली शिफ्ट संपवून घरी न जाता थेट येथे आलेले मला दिसत आहेत. त्यांच्या वेळेची किंमत मला ठाऊक आहे.

आपली वसाहत पंचतारांकित आहे. बाहेरगावचा पाहुणा 'कागल पंचतारांकित एमआयडीसी' असे नाव ऐकतो, तेव्हा त्याला मोठे हॉटेल डोळ्यांसमोर दिसते. येथे आल्यावर त्याला दिसतात शेड, धुराडी, कास्टिंग भरलेले ट्रक आणि डबा घेऊन निघालेली माणसे. एका नावाने मनात केवढे चित्र उभे राहते पाहा! आज मला याच गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. एखादी वस्तू कोठून आली, कोणी केली, याविषयी आपल्या मनात जी समजूत असते, तिच्यामुळे त्या वस्तूचा आनंद वाढतो किंवा पार नाहीसा होतो. विषय वरवर साधा वाटेल, परंतु तो आपल्या मुलांच्या भवितव्यापर्यंत येऊन पोहोचतो, असे माझे मत आहे.

आपल्या पायापासूनच सुरुवात करू. आपण ज्याला पायताण म्हणतो आणि जग ज्याला कोल्हापुरी चप्पल म्हणते, ते आपल्या भागाचे भूषण आहे. आपल्या कागल तालुक्यातील कापशी गावाच्या नावाने तर या चपलेचा एक प्रकारच ओळखला जातो. कच्चे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवावयाचे, ते कापावयाचे, ठोकावयाचे, चामड्याच्याच दोऱ्याने शिवावयाचे, वर वेणी आणि कान बसवावयाचे, हे सारे काम हाताचे. घरातील पुरुष कापतो-ठोकतो आणि स्त्रिया वेणी घालतात, असे चित्र अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या आहे. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून आहे. म्हणजे नाव कोल्हापूरचे असले तरी हात दोन्ही राज्यांचे आहेत. अथणी-निपाणीकडील कारागिरांचाही त्या नावावर तेवढाच हक्क आहे.

आता २०२५ सालची हकीकत घ्या. त्या वर्षीच्या जून महिन्यात इटलीतील मिलान शहरी प्राडा या विख्यात कंपनीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन केले. त्यात चालणाऱ्या तरुणांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी घाटाच्या चपला होत्या. कंपनीने त्यांना नुसते 'चामड्याचे सँडल' म्हटले होते. कोल्हापूरचे नाव नाही, भारताचे नाव नाही. आपल्याकडे संताप उसळला. पुढे कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र लिहून या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेची असल्याचे मान्य केले. जुलैत कंपनीची माणसे कोल्हापुरास येऊन कारागिरांना भेटून गेली. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर या दोन सरकारी महामंडळांबरोबर करार झाला. त्याप्रमाणे येथील कारागिरांकडून २,००० जोड करून घेऊन ते एकेक जोड सुमारे ८०० युरोंना विकण्याचे कंपनीने जाहीर केले.

मित्रहो, यातील दोन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पहिली अशी की, चप्पल तीच आणि घाट तोच. परंतु परदेशी नाव लागताच तिचे मोल कोठच्या कोठे गेले. माझ्याच वर्गातील जी मुले आजोबांच्या पायताणाला हसत असत, ती त्या महिन्यात चप्पल लाईनची चौकशी करू लागली. आजोबांच्या पायात होती तोपर्यंत ती गावठी होती. मिलानला जाऊन आली आणि ती शोभिवंत झाली! चामडे बदलले नव्हते. आपल्या मनातील तिचा पत्ता बदलला होता.

दुसरी गोष्ट अशी की, आपण संतापलो ते कशासाठी? आपली चप्पल कोणी पळवली नव्हती, दुकाने उघडीच होती. आपण संतापलो, कारण करणाऱ्याचे नाव पुसले गेले होते. तेव्हा वस्तूचे मूळ ही काही केवळ मिरवण्याची बाब नव्हे. त्यात कोणाच्या तरी श्रमाची नोंद असते. रेक्झिनची किंवा यंत्रावर ठोकलेली चप्पल 'अस्सल कोल्हापुरी' म्हणून गळ्यात मारली, तर घेणाऱ्याच्या पायाला आठ दिवस काही कळत नाही. कळले म्हणजे मात्र तो हळहळतो, आणि ती हळहळ खोटी नसते. त्याचे पैसे तर गेलेच, परंतु जे पैसे एका कारागिराच्या घरी जावयास हवे होते, ते भलतीकडे गेले. २०२५ सालीच लिडकॉमने या चपलांसाठी क्यूआर संकेत काढला. मोबाइल त्यावर धरला की चप्पल करणाऱ्या कारागिराची माहिती मिळते. मला ही कल्पना फार आवडली. शतकानुशतके जो नावाशिवाय राबला, त्याचे नाव वस्तूबरोबर जाऊ लागले.

गुळाचेही असेच आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली मानांकन मिळाले. परंतु गिऱ्हाइकाच्या मनात एक समजूत घट्ट बसली होती की, पिवळाधमक गूळ तो चांगला आणि काळपट तो हलका. मग रंग उजळावा म्हणून गुऱ्हाळात रसायने पडू लागली. भेंडीच्या चिकाने मळी काढलेला साधा तांबूस गूळ मागे पडला. आता तोच तांबूस गूळ 'सेंद्रिय' अशी चिठ्ठी लावून जास्त भावाने विकला जातो आणि शहरातील लोक त्याची चव वाखाणतात. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच तो परत केला असता. सांगण्याचा हेतू एवढाच की, जीभ चव घेते, परंतु निकाल पुष्कळ वेळा मनच देऊन ठेवते.

यावर कोणी म्हणेल, ही सामान्य माणसांची गोष्ट झाली. जाणकार फसत नाहीत. तर जाणकारांची गोष्ट ऐका. युरोपात तीनशे वर्षांपूर्वी स्ट्रॅडिव्हरी नावाचा व्हायोलिन करणारा होऊन गेला. त्याच्या एका व्हायोलिनला आज कोट्यवधी रुपये पडतात. तसा आवाज पुन्हा होणे नाही, असे मोठमोठे वादक म्हणत आले. २०१० साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे काही संशोधकांनी परीक्षा घेतली. २१ वादक बोलाविले. तीन जुनी आणि तीन नवी व्हायोलिने ठेविली. खोलीत अंधूक उजेड केला आणि वादकांच्या डोळ्यांवर चष्मे चढविले. ते चष्मे कोणते म्हणाल तर वेल्डिंगचे! आपल्या वसाहतीत वेल्डर भाऊ डोळे वाचविण्यासाठी लावतात, तसेच. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखाली अत्तराचा थेंबही लाविला होता. निकाल असा लागला की, बहुतेकांना जुने कोणते आणि नवे कोणते हे ओळखता आले नाही, आणि सर्वांत अधिक पसंती मिळाली ती एका नव्या व्हायोलिनला. सर्वांत कमी पसंती ज्याला मिळाली, ते स्ट्रॅडिव्हरीचे होते. दोन वर्षांनी पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांची अशीच परीक्षा झाली. तेथेही कौल नव्याकडेच झुकला.

याचा अर्थ ते वादक ढोंगी होते असा नव्हे. स्ट्रॅडिव्हरी हातात आहे हे माहीत असताना त्यांना होणारा आनंद खराच असतो. तीनशे वर्षांचा इतिहास हातात धरल्याची भावना खोटी कशी म्हणावी? मात्र तो आनंद कानाचा किती आणि माहितीचा किती, हे चष्मा चढविल्यावाचून कळत नाही.

आता वाद्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या शेजारच्या मिरजेला जाऊ या. मिरजेच्या सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली मानांकन मिळाले. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. राज्ये गेली, हत्यारांचे काम संपले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब आदी कारागिरांनी पटवर्धन संस्थानच्या आश्रयाने वाद्ये दुरुस्त करण्याचे आणि पुढे घडविण्याचे काम हाती घेतले. हत्यारांची विद्या असलेल्या हातांनी सूर घडविला. सोलापूर जिल्ह्यातील भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे, त्यांवर लाकूड बसवावयाचे, आणि शेवटी घोडीवर जवारी काढावयाची. ही जवारी कानावरच निघते, तिला मोजपट्टी नाही. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेस राहिले आणि १९३७ साली त्यांचे देहावसान झाल्यावर तेथील दर्ग्याच्या आवारातच त्यांचे दफन झाले.

मिरजेचा तंबोरा महाराष्ट्रातील मंदिरांत भजनाला साथ करतो, पुण्या-मुंबईच्या मैफलीत घुमतो. ऐकणारा डोळे मिटून डोलतो. तंबोरा कोणत्या मोहल्ल्यात झाला, हे त्या घटकेस कोणी विचारीत नाही. आणि विचारले, आणि सांगितले, तरी त्याचा आनंद कमी होऊ नये, उलट वाढावा, अशी माझी इच्छा आहे. कारण मूळ कळल्याने आनंद नेहमीच वाढतो असे नाही. कधी कधी तो विटतोसुद्धा.

यासाठी आपल्या कोल्हापूरचाच दाखला देतो. राजर्षी शाहू महाराज हे मूळचे आपल्या कागलच्या घाटगे घराण्यातील. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून ते स्वतः तिचे अध्यक्ष झाले, हे आपण जाणताच. त्यांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा दलित सेवक होता. पाण्याला शिवला म्हणून काही जणांनी त्याला मारहाण केली. महाराजांनी त्याला भांडवल देऊन कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले. हॉटेल स्वच्छ, चहा उत्तम. परंतु गिऱ्हाईक फिरकेना. चहात खोट नव्हती, तो कोणी केला यात लोकांना खोट वाटत होती. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथील चहा मागवू लागले. आपण पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. ज्यांनी तो चहा घेतला, त्यांच्यापैकी कोणाला काही झाल्याचे ऐकिवात नाही!

बंधूंनो, यातील विसंगती पाहा. ज्या चर्मकाराने शिवलेली चप्पल साऱ्या गावाने अभिमानाने पायात घातली, त्याच्याच हातचे पाणी गावाला चालत नव्हते. पायाला चाललेला हात ओठाला चालला नाही. 'हे कोणी केले?' हा एकच प्रश्न एका ठिकाणी वस्तूचे मोल वाढवितो आणि दुसऱ्या ठिकाणी माणसाला उंबऱ्याबाहेर उभे करतो.

मलाही याचा लहानपणी अनुभव आला. शाळेची सहल गेली होती. सर्वांनी डबे एकत्र मांडले. माझ्या अम्मीने गव्हाची खीर दिली होती. एका मित्राने ती दोनदा वाढून घेतली आणि विचारले, "कुणाच्या घरची रं?" मी मोठ्या आनंदाने म्हणालो, "आमची." त्याचा हात थांबला. तो उठला, नळावर गेला आणि त्याने चूळ भरली. त्या मुलावर माझा आज राग नाही. तो दहा वर्षांचा होता आणि चूळ भरावयास त्याला कोणीतरी शिकविले होते. परंतु त्यानंतर कित्येक वर्षे मी डब्यात खीर नेली नाही. अम्मीने कारण विचारले, तेव्हा आवडत नाही असे खोटेच सांगितले.

ही हकीकत सांगून मी खाली बसलो असतो, तर आपण माझ्याविषयी हळहळला असता. परंतु पुढची हकीकत सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही, कारण तीत दोष माझा आहे.

काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना निबंध दिला, 'माझ्या घरातील रात्र'. तपासताना एक वही हाती आली. वरचे पान फाटले होते, नाव नव्हते. तीत लिहिले होते की, वडील रात्रपाळीहून पहाटे येतात तेव्हा दार वाजवीत नाहीत, कडी नुसती हलवितात, म्हणजे लहान भाऊ जागा होऊ नये. त्यांच्या कपड्यांना भट्टीच्या वाळूचा वास असतो, आणि तो वास आला की आई चुलीकडे वळते. मी दोनदा वाचला. मनात म्हटले, हा आपल्या वर्गातील अमुक हुशार मुलाचाच असणार. त्याच्या घरी पुस्तके आहेत, वडील अधिकारी आहेत. वीसपैकी अठरा गुण देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तेव्हा शेवटच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. वडील फौंड्रीत कंत्राटी कामगार, घरी मराठी नाही, गुण नेहमी काठावरचे. आणि माझ्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? "कोणाचे बघून लिहिलेस?"

साऱ्या वर्गासमोर. ती काहीच बोलली नाही. खाली बसली.

मधल्या सुटीत ती वही मी पुन्हा उघडली आणि माझी मलाच लाज वाटली. ज्या मुलाचा म्हणून मी तो निबंध वाखाणला, त्याच्या घरी कोणी रात्रपाळीला जात नव्हते. तो ते लिहूच शकला नसता. त्या निबंधाचे मूळ त्या मुलीच्याच घरात होते, ओळीओळीत होते. परंतु माझ्या मनाने ते दुसऱ्याच दारी नेऊन ठेविले. आदल्या रात्री जी वाक्ये मला सुंदर वाटली, तीच सकाळी तिचे नाव लागताच संशयास्पद वाटली. शाई तीच, अक्षर तेच. नळावर जाऊन चूळ भरणाऱ्या त्या मुलात आणि माझ्यात फरक तो काय राहिला? आणि मी तर शिक्षक होतो, त्यातून त्याच समाजाचा, ज्याने हे सोसले आहे.

मी तिची वर्गासमोरच माफी मागितली. तिचे वडील भेटावयास आले, तेव्हा ते रागावतील असे मला वाटले होते. ते म्हणाले, "सर, आमच्यात कोण शिकलंय? तुमास्नी तसं वाटलं त्यात काय नवल?" हे वाक्य मला तिच्या गप्प बसण्याहून अधिक लागले. जो शिक्का मी तिच्यावर मारला, तोच तिच्या घरानेही स्वतःवर मारून घेतला होता.

पालक बंधू-भगिनींनो, म्हणून माझी आपणास हात जोडून विनंती आहे. 'आमच्यात कोण शिकलंय' हे वाक्य घरात उच्चारू नका. आणि आपल्यातही कोण कोणत्या बिरादरीचा, कोणाचा बाप काय धंदा करीत होता, हे पाहून मुलामुलींची पारख होते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल करावयास हवे. दुसऱ्याने आपला डबा नाकारला तर आपल्याला दुःख होते. आपण कोणाचा डबा नाकारतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे.

मग काय करावे? मला दोनच गोष्टी सुचतात.

जेथे न्याय करावयाचा आहे, गुण द्यावयाचे आहेत, नोकरीला माणूस निवडावयाचा आहे, तेथे नाव झाकावे. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, नुसता बैठक क्रमांक असतो, तो याचसाठी. त्या दिवसापासून मी निबंध तपासताना वहीच्या नावावर कागदाची पट्टी ठेवतो. तो माझा वेल्डिंगचा चष्मा आहे. गुण मांडून झाल्यावरच पट्टी काढतो. पुष्कळदा चकित होतो, आणि त्या चकित होण्यातही एक आनंद आहे.

आणि जेथे आनंद घ्यावयाचा आहे, आभार मानावयाचे आहेत, तेथे नाव आवर्जून विचारावे. चप्पल घेताना कोणी शिवली ते विचारा. तंबोरा ऐकताना मिरजेचे हात आठवा. आपल्या फौंड्रींतून ओतलेले भाग मोटारींच्या आणि ट्रॅक्टरच्या पोटात बसून देशभर आणि देशाबाहेरही जातात. गाडी घेणारा मनुष्य पुढच्या चकचकीत चिन्हावर हात फिरवितो. आतल्या लोखंडावर कोणाचा हात फिरला, हे त्याला माहीत नसते. निदान आपल्या मुलांना तरी ते माहीत असावे. रस्त्याने मोठी गाडी गेली की मुलाला सांगा, "यातलं लोखंड अब्बाच्या भट्टीतलंही असेल." त्याला ती गाडी आणि आपला बाप दोन्ही निराळे दिसतील.

श्रमाचे मूळ विचारावे, त्याने माणूस मोठा होतो. जन्माचे मूळ विचारू नये, त्याने विचारणारा लहान होतो.

विद्यार्थी मित्रहो, त्या मुलीचे पुढे काय झाले असे तुम्ही विचाराल. ती दहावी झाली आणि पुढे शिकत आहे. परवा भेटली तेव्हा तिने मला आपली नवी वही दाखविली. पहिल्या पानावर तिने स्वतःचे नाव ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि त्यावर फाटू नये म्हणून चिकटपट्टी लाविली होती.